खेळ रचण्याचा अभ्यास

संगणकावर खेळत बसलेल्या मुलाला 'अभ्यासाला बस' असे सांगताना शिक्षकाला फारसा विचार करावा लागत नाही. पण तोच मुलगा स्वतः रचलेला खेळ प्रकल्प म्हणून घेऊन आला, तर गुण कशाचे द्यायचे? चित्रे सुबक आहेत याचे, खेळताना मजा येते याचे, की आज्ञावली न अडखळता चालते याचे? खेळांची रचना आणि संवादी अंकीय माध्यमे हा परदेशात आणि आपल्याकडेही पदवीचा विषय झाला आहे, तेव्हा हा प्रश्न काल्पनिक राहिलेला नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी या विषयाचा इतिहास चाळून पाहावा असे आम्हाला वाटते. कारण इथे विद्यार्थ्यांनी काम आधी केले. अभ्यासक्रम पुष्कळ उशिरा आला.

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या गणिती प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स यांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेला एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. त्यात सुमारे ३००० व्हाल्व होते आणि आकडे साठवण्यासाठी पाऱ्याने भरलेल्या नळ्या होत्या. या नळ्यांत ध्वनीचे स्पंद फिरत ठेवलेले असत. आत काय साठले आहे हे तपासता यावे म्हणून एका कॅथोड-किरण नळीवर ३५ गुणिले १६ ठिपक्यांचा एक चौकोन दिसे. ही सोय निव्वळ तपासणीपुरती होती. अलेक्झांडर डग्लस या संशोधक विद्यार्थ्याने १९५२ मध्ये याच चौकोनाचा फळा केला. स्मृतीत आकडे अशा बेताने भरले की पडद्यावर फुल्ल्या आणि गोळे उमटावेत. खेळणाऱ्याने टेलिफोनची तबकडी फिरवून १ ते ९ पैकी एक घर निवडायचे, की यंत्र आपली खेळी करी. फुल्ली-गोळा दोघेही न चुकता खेळले तर बरोबरीतच सुटतो, हे आपल्या पाचवीच्या मुलांनाही ठाऊक असते. म्हणजे खेळ म्हणून यात दम नव्हता. पण माणसाने काही करावे, यंत्राने ते पाहून उत्तर द्यावे आणि ते उत्तर चित्रात दिसावे, ही तिन्ही अंगे त्यात एकत्र आली होती.

पुढचे प्रकरण अधिक गाजलेले आहे. सप्टेंबर १९६१ मध्ये डीईसी या कंपनीने आपला पीडीपी-१ हा संगणक अमेरिकेतील एमआयटी या संस्थेला भेट दिला. त्याची स्मृती ४०९६ शब्दांची, प्रत्येक शब्द १८ बिटांचा. म्हणजे सगळी मिळून जेमतेम ९ किलोबाइट. मात्र त्याला एक गोल पडदा होता, आणि त्यावर संगणक हवे तिथे ठिपका उमटवू शके. तिथल्या तरुण मंडळींना, ज्यांत काही विद्यार्थी आणि काही नुकतेच नोकरीला लागलेले होते, या पडद्याचा काय उपयोग करावा असा प्रश्न पडला. त्यांतील बरेचजण खेळण्यातल्या आगगाड्यांच्या क्लबचे सभासद होते. संगणकाची ताकद पुरती कसाला लागावी, प्रत्येक वेळी काही वेगळे घडावे आणि बघणाऱ्याने नुसते बघत न राहता त्यात भाग घ्यावा, अशा तीन अटी त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतल्या. परीक्षेत असा प्रश्न कोणी काढला असता तर आम्ही त्या परीक्षकाचे कौतुक केले असते!

या अटींतून १९६२ च्या आरंभी 'स्पेसवॉर' तयार झाला. दोन याने, एकेका खेळाडूच्या हाती एकेक, परस्परांवर टॉर्पेडो सोडतात. मुख्य आज्ञावली स्टीव्ह रसेल यांची. ज्या-कोज्या काढण्याची उपआज्ञावली नसल्याचे सांगून ते काम पुढे ढकलत होते. तेव्हा ॲलन कोटॉक यांनी ती थेट डीईसी कंपनीतून आणून त्यांच्या हाती ठेवली. पडद्यावरील यानांना न्यूटनचा पहिला नियम लागू होता: इंजिन बंद केले तरी यान त्याच वेगाने सरळ जातच राही. रस्त्यावरच्या सायकलीची सवय असलेल्या माणसाला हे विचित्र वाटे. मग डॅन एडवर्ड्स यांनी मध्यभागी एक तारा ठेवून त्याला अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातले गुरुत्वाकर्षण दिले. पीटर सॅमसन यांना पार्श्वभूमीवरचे ठिपके मनाला येईल तसे विखुरलेले पाहवेनात. त्यांनी खऱ्या आकाशाचा नकाशा घालून पाचव्या प्रतीपर्यंतचे तारे बसवले.

आम्हाला यात सर्वांत बोधप्रद वाटते ते मात्र एक न केलेले गणित. यानांना गुरुत्वाकर्षण लागू होते, टॉर्पेडोंना नव्हते. पडद्यावरचे चित्र तुटू न देता इतक्या साऱ्या वस्तूंचे प्रवेग काढणे त्या यंत्राला झेपत नव्हते. म्हणून टॉर्पेडो ताऱ्याजवळूनही सरळ रेषेत जात, आणि हे कसले तरी प्रकाशाचे गोळे आहेत अशी एक सबबही रचली गेली. सबब थट्टेची असली तरी निर्णय थट्टेचा नव्हता. कोणते गणित ठेवायचे, कोणते सोडायचे आणि सोडल्याने खेळाचे किती बिघडते, हे त्यांना नेमके ठाऊक होते. आपणही शाळेत लंबकाचे सूत्र शिकवताना हवेचा विरोध सोडून देतोच. तो का सोडला हे सांगायचे मात्र पुष्कळदा राहून जाते.

या कामाला कोणी गुण दिले नाहीत, कारण ते कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते. त्यावर कोणी मालकीही सांगितली नाही. छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्यांवरून तो खेळ एका पीडीपी-१ वरून दुसऱ्यावर जात राहिला, आणि नवा संगणक नीट चालतो की नाही हे तपासण्यासाठी खुद्द डीईसीही तो वापरू लागली.

तिसरी कथा शाळकरी मुलाची आहे, आणि शिक्षकांच्या दृष्टीने तीच आम्हाला मोलाची वाटते. जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ चंद्रावर उतरले. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेक्सिंग्टनच्या हायस्कुलात शिकणाऱ्या जिम स्टोरर याने शाळेला उपलब्ध असलेल्या पीडीपी-८ संगणकावर चंद्रावर यान उतरवण्याचा खेळ लिहिला. पडदा नव्हता, टंकलेखकासारखे एक यंत्र कागदावर ओळी छापत असे. खेळाच्या आरंभी यान १२० मैल उंचीवर असते आणि ताशी ३६०० मैल, म्हणजे सेकंदाला बरोबर १ मैल वेगाने खाली येत असते. जवळ १६,००० पौंड इंधन. दर १० सेकंदांनी खेळाडूने सांगायचे की सेकंदाला किती पौंड इंधन जाळायचे: शून्य, किंवा ८ ते २०० यांमधील एखादा आकडा. आज्ञावलीत चंद्राचे गुरुत्वाकर्षण सेकंदाला सेकंदाला ०.००१ मैल धरले आहे. मेट्रिक मापात ते १.६१ मीटर होते; खरी किंमत १.६२ च्या आसपास आहे. मुलाने आकडा सोयीचा निवडला, पण तो खराही आहे.

यातले पदार्थविज्ञान शालेय पुस्तकाच्या पुढचे आहे. इंधन जळत जाते तसे यान हलके होत जाते, म्हणून तेवढ्याच जोराने प्रवेग वाढत जातो. इथे बल बरोबर वस्तुमान गुणिले प्रवेग एवढे लिहून सुटका होत नाही; झिओलकोव्हस्कीचे अग्निबाणाचे समीकरण लागते, आणि त्यात नैसर्गिक लॉगॅरिदम येतो. आज्ञावलीत त्या लॉगॅरिदमऐवजी श्रेणीची पहिली पाच पदे घेतली आहेत. पाचच पुरतात का? आम्ही हिशेब करून पाहिला: पूर्ण जोराने इंधन जाळताना सर्वांत प्रतिकूल दहा सेकंदांतही गाळलेल्या पदांमुळे पडणारा फरक सेकंदाला एक मिलिमीटरही भरत नाही. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना आणखी एक हिशेब देता येईल. इंधनासह यान ३२,५०० पौंडांचे, रिकामे १६,५०० पौंडांचे, बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग सेकंदाला १.८ मैल. सारे इंधन जाळून वेग फार तर १.२२ मैलांनी बदलता येतो. त्यातला १ मैल मूळचा वेग मारण्यातच जातो. उरलेल्या ०.२२ मैलात वाटेत गुरुत्वाकर्षणाने वाढणारा वेग भागवायचा. आरंभीच घाबरून थोडे थोडे इंधन जाळत बसणारा खेळाडू का आपटतो, ते यातून कळते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ मधील 'विक्रम' उतरताना सुमारे ३० किलोमीटर उंचीवर त्याचा वेग सेकंदाला १.६८ किलोमीटर, म्हणजे जवळपास स्टोररच्या आकड्याइतकाच होता. फक्त तो बहुतांशी आडवा होता, स्टोररचे यान मात्र उभेच कोसळत असते.

डीईसीमध्ये काम करणाऱ्या डेव्हिड आल यांनी १९७३ मध्ये अशा खेळांच्या आज्ञावलींचे पुस्तक काढले आणि चंद्रावर उतरण्याचा खेळ बेसिक या भाषेत शिरला. पुढे घरगुती संगणक आल्यावर असंख्य मुलांनी पुस्तकातल्या त्या ओळी टंकित करून प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे गिरवले.

रीतसर अभ्यासक्रमाच्या काळाकडे आम्ही झटपट वळतो, कारण त्यातले पुष्कळसे कारखान्यांना लागणारी माणसे घडवण्याविषयी आहे. तरी विद्यार्थ्यांची दोन कामे सांगितलीच पाहिजेत. अमेरिकेत रेडमंड येथील डिजिपेन या संस्थेत विद्यार्थ्यांच्या एका गटाने २००५ मध्ये 'नार्बॅक्युलर ड्रॉप' हा खेळ प्रकल्प म्हणून केला. त्यातल्या राजकन्येला गुडघेच नाहीत, म्हणून ती उडी मारू शकत नाही. तिला पुढे जाण्यासाठी भिंतीवर, छतावर किंवा जमिनीवर दोन दारे उघडता येतात. एकातून शिरले की दुसऱ्यातून बाहेर. पात्राचे एक सामर्थ्य काढून घेतल्याबरोबर सगळा खेळ नव्या वाटेने विचार करायला लावतो. व्हॉल्व कंपनीने त्या गटाला नोकरीवर घेतले आणि २००७ मध्ये त्याच कल्पनेवर 'पोर्टल' हा खेळ आला. त्यात दारातून जाताना वेगाचा आकडा कायम राहतो, दिशा मात्र बदलते. संवेग ही सदिश राशी असल्याने तो टिकला असे म्हणता येत नाही. ऊर्जेचे तर विचारूच नये: एक दार जमिनीवर आणि दुसरे बरोबर वर ५ मीटरवर छताला ठेवले, तर पडणारी वस्तू पुन्हा पुन्हा वरून पडत राहते. पहिल्या फेरीअखेर वेग सेकंदाला सुमारे १० मीटर, चौथ्या फेरीअखेर २०. ही ऊर्जा आली कुठून, हा प्रश्न वर्गात टाकून पाहावा.

दुसरे काम दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले. शांघायहून आलेल्या जेनोव्हा चेन या विद्यार्थ्याने २००६ मध्ये पदव्युत्तर प्रबंध लिहिला आणि त्याचा दाखला म्हणून निक क्लार्क या सहकाऱ्याबरोबर 'फ्लो' हा खेळ केला. काम फार सोपे असेल तर माणूस कंटाळतो, फार अवघड असेल तर धास्तावतो, आणि मधल्या पट्ट्यात तो रंगून जातो, हे मानसशास्त्रज्ञ चिक्सेंटमिहायी यांचे म्हणणे. चेनच्या खेळात एक पारदर्शक जलचर पाण्यात खाली जातो तसे अवघडपण वाढते. झेपेनासे झाले की खेळाडूने स्वतःच वर यायचे. पातळी कोण ठरवणार, शिक्षक की विद्यार्थी, हा आपल्या प्रश्नपत्रिकांचाही प्रश्न आहे. इथे प्रबंध आणि खेळ दोन्ही परीक्षकांपुढे होते: एकात विचार, दुसऱ्यात त्याची परीक्षा.

स्टोररच्या खेळाला असा परीक्षक मिळाला नव्हता. तो पुढे ब्रँडाइस विद्यापीठात संगणकशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि त्याचा खेळ जगभर खेळला जात राहिला. २०२४ मध्ये मार्टिन सी. मार्टिन या जाणकाराने कमीत कमी इंधनात यान कसे उतरवता येईल हे शोधताना आज्ञावली ओळीओळीने वाचली, तेव्हा तिच्यात एक चूक निघाली. इंजिनाच्या जोराने यान त्या दहा सेकंदांतच खाली येऊन पुन्हा वर उचलले जाणार असेल, तर सर्वांत खालचा क्षण कोणता हे काढण्यासाठी तिथे एक वर्गसमीकरण सोडवले आहे. उत्तरातील वर्गमूळाखाली यानाचा वेग भागिले वायूचा वेग असे लिहिले आहे. तिथे याच्या निम्मी राशी हवी. परिणामी तो क्षण खऱ्याहून थोडा आधीचा निघतो. बहुतेक डावांत हे जाणवतही नाही, म्हणून नुसते खेळून ते कोणाला सापडले नाही. बेसिकमध्ये उतरवतानाही ती ओळ तशीच उतरली. श्रेणीची पहिली दोनच पदे घेऊन वेग शून्य मांडला की हे समीकरण फळ्यावर पाच-सहा ओळींत सुटते. सुटलेला दोनचा भागाकार दुसऱ्या पदातून येतो. बारावीच्या वर्गाला तो स्वतः शोधू द्यावा. त्यासाठी संगणक लागत नाही.