जुन्या डिझेल इंजिनाचा टायमिंग बेल्ट : एका दात्याचा फरक

वांद्र्यातील एस. व्ही. रोडवर किंवा कलानगरच्या चौकात जुनी डिझेल मोटार आजही अधूनमधून दिसते. डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आलेल्या टाटा इंडिकाचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. परंतु तिचे १४०५ सी.सी. डिझेल इंजिन अनेकांनी जपून ठेवले आहे. प्यूजोचे १५२७ सी.सी. डिझेल इंजिन बसवलेल्या मारुती झेन व एस्टीम या मोटारी त्याच काळातल्या. या इंजिनांमध्ये क्रँक, कॅम आणि डिझेल पंप यांना एका लयीत ठेवण्याचे काम दातेरी रबरी पट्टा, म्हणजेच टायमिंग बेल्ट करतो. हा पट्टा तुटण्याआधी पुष्कळदा सूचना देतो. ती सूचना ओळखता आली, तर इंजिनाचे हेड वाचते.

बेल्टचे काम

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेरे फिरते तेव्हा कॅम एक फेरा पूर्ण करते. डिझेल पंपाचा वेगही कॅमइतकाच, म्हणजे क्रँकच्या निम्मा असतो. त्यामुळे कॅम आणि पंप यांच्या पुलींना क्रँकच्या पुलीपेक्षा दुप्पट दाते असतात. उदाहरणार्थ, क्रँकच्या पुलीला २० दाते असतील, तर एक दाता म्हणजे क्रँकचे १८ अंश. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीची वेळ निराळ्या यंत्रणेने थोडीफार सावरता येते. डिझेलमध्ये इंधन फवारले जाते तोच प्रज्वलनाचा क्षण, आणि तो दोन-चार अंशांनी चुकला तरी इंजिन तक्रार करते. त्या मानाने १८ अंशांची चूक फार मोठी ठरते.

डिझेल इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या वीस-बावीसाव्या भागापर्यंत दाबली जाते. त्यासाठी पिस्टन हेडच्या अगदी जवळ येतो. अशा वेळी एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर पिस्टन त्याच्यावर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात आणि प्रसंगी पिस्टनलाही इजा होते.

लक्षणांवरून निदान

सकाळी इंजिन उशिरा सुरू होणे, पांढरा धूर निघणे आणि चढावर ओढ कमी पडणे ही पंपाची वेळ मागे पडल्याची लक्षणे होत. वेळ पुढे गेली असेल, तर धातूवर हातोडी पडल्यासारखा कडक आवाज येतो. मात्र हीटर प्लग निकामी झाले किंवा डिझेलच्या नळीत हवा शिरली, तरीही इंजिन उशिरा सुरू होते. या स्वस्त शक्यता आधी तपासाव्यात. पंप किंवा नोझल दुरुस्तीला काढण्यापूर्वी बेल्टच्या खुणा पाहणे तर अत्यावश्यकच आहे. सुस्थितीतला पंप विनाकारण उघडला जातो आणि दोष जागच्या जागी राहतो, असा प्रकार टाळता येण्याजोगा आहे.

कॉम्प्रेशन मोजल्यास आणखी उलगडा होतो. एकाच सिलिंडरचा दाब कमी असेल, तर त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह, रिंगा किंवा गॅस्केट यांकडे संशय जातो. चारही सिलिंडरचा दाब सारख्याच प्रमाणात उतरला असेल आणि इंजिन फार झिजलेले नसेल, तर कॅमची वेळ चुकली असण्याचा संभव असतो. स्टार्टर दिल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलके व भरभर फिरू लागले, तर बेल्ट तुटला असे समजावे आणि किल्ली पुन्हा फिरवू नये.

खुणा तपासण्याचा क्रम

इंजिन थंड असावे, गाडी न्यूट्रलमध्ये उभी असावी, हँडब्रेक ओढलेला असावा आणि बॅटरीची ऋण तार काढलेली असावी. वरचे आवरण काढून क्रँकच्या बोल्टला पाना लावावा व उत्पादकाने सांगितलेल्या दिशेनेच इंजिन हाताने फिरवावे. हीटर प्लग काढून ठेवल्यास इंजिन सहज फिरते. मध्येच कडक अडथळा लागला, तर जोर करू नये. तो व्हॉल्व्हला टेकलेला पिस्टन असू शकतो.

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून क्रँक, कॅम व पंप या तिन्हींच्या खुणा पाहाव्यात. येथे दोन गफलती होतात. पहिली, क्रँकची खूण जुळते पण कॅमची खूण नेमकी विरुद्ध बाजूला दिसते. हा बेल्टचा दोष नव्हे. क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्यावा आणि मग निष्कर्ष काढावा. दुसरी, पुढच्या मोठ्या पुलीत रबराचे कडे असेल, तर जुनेपणामुळे बाहेरचा भाग आतल्या भागावरून सरकलेला असू शकतो. म्हणून तिच्यावरील खुणेवर विसंबू नये; फ्लायव्हीलची किंवा दातेरी पुलीची खूण प्रमाण मानावी. क्रँकची चावी झिजलेली असल्यासही खुणा फसवतात.

बेल्ट सोडण्यापूर्वी कॅम व पंप ठरलेल्या पिनांनी किंवा बोल्टांनी अडकवावेत. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला आणि पंपातील दाब पंपाच्या पुलीला झटका देऊन फिरवतो. मात्र पुलीचा घट्ट बोल्ट सोडताना या पिनांवर भार देऊ नये. त्यांचा उपयोग केवळ जागा राखण्यासाठी आहे. नवा बेल्ट ताण देऊन बसवल्यावर पिना काढाव्यात, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावी आणि खुणा व ताण पुन्हा तपासावा. त्या जुळल्या नाहीत, तर किल्लीला हात लावू नये. दात्यांच्या खुणा अचूक असूनही आवाज किंवा धूर राहिला, तर पंप त्याच्या खाचांत किंचित फिरवून डायल गेजने सूक्ष्म जुळणी करावी लागते. ते काम जाणत्या पंप-कारागिराकडेच सोपवावे.

पट्टा कडेला सरकत असेल तर

खुणा बरोबर असूनही पट्टा पुलीच्या एका कडेला घासत असेल, त्याच्या कडेचे धागे सुटत असतील किंवा आवरणात काळी भुकटी साचत असेल, तर दोष पट्ट्याचा नसून मार्गाचा असतो. टेन्शनरचे बेअरिंग सैल होणे, पंपाचे ब्रॅकेट तिरके बसणे, पुलीमागील वॉशर विसरणे ही नेहमीची कारणे. केवळ पट्टा बदलल्यास नवाही तसाच झिजतो. सीलमधून गळणारे तेल किंवा पंपातून झिरपणारे डिझेल रबराचा नाश करते. गळती थांबवल्याखेरीज नवा बेल्ट चढवू नये.

वांद्र्याचे हवामान आणि वाहतूक

पुस्तिकेतील किलोमीटरची मर्यादा मोकळ्या रस्त्याचा विचार करते. ताशी ६० किलोमीटर वेगात इंजिनाचे मिनिटाला २,००० फेरे धरले, तर एका किलोमीटरला २,००० फेरे होतात. कोंडीत तासाला १० किलोमीटर अंतर कापताना सरासरी १,००० फेरे धरले, तरी एका किलोमीटरला ६,००० फेरे पडतात. म्हणजे बेल्टची झीज तिप्पट, आणि मीटर मात्र ती दाखवत नाही. म्हणून पुस्तिकेत किलोमीटर व वर्षे या दोन्ही मर्यादा असतील, तर आधी येणारी मर्यादा पाळावी. दमट खाऱ्या हवेत टेन्शनरची बेअरिंगेही लवकर गंजतात.

पावसाळ्याचा धोका वेगळा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीकाठच्या भागांत असंख्य गाड्या बुडाल्या. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना स्टार्टर दिल्यास पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो व बेल्ट दाता सोडू शकतो. बुडालेली गाडी ढकलून किंवा ओढूनच न्यावी आणि आवरणातील गाळ काढून खुणा तपासल्यानंतरच सुरू करावी.

सुट्या भागांचा प्रश्न

जुन्या मॉडेलची पुली किंवा ब्रॅकेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत शोधता येईल. दाते, चावीची खाच व बेअरिंग पाहून असा भाग घेण्यास हरकत नाही. बेल्ट आणि टेन्शनर मात्र वापरलेले कधीही घेऊ नयेत. रबराचे वय डोळ्यांना दिसत नाही. सीलबंद बेल्टही फार जुना नसल्याची खात्री करावी आणि तो मुडपून ठेवू नये.

काम झाल्यावर बेल्ट बदलल्याची तारीख व मीटरचा आकडा आवरणावर चिकटवून ठेवावा. गाडी पुढे कोणाच्याही हाती गेली, तरी त्या चिठ्ठीवरून पुढची तारीख ठरवता येईल.