यजमान पेशीची निवड : इन्सुलिनला यीस्ट, प्रतिपिंडाला सस्तन पेशी

बंगळुरू : मानवी प्रथिनाचे जनुक दुसऱ्या सजीवाच्या पेशीत घालून तिच्याकडून ते प्रथिन तयार करून घेणे, हा आधुनिक जैवऔषधनिर्मितीचा पाया आहे. अशा पेशीला ‘यजमान पेशी’ म्हणतात. औषधाचा दर्जा आणि उत्पादनखर्च या दोन्हींवर तिच्या निवडीचा परिणाम होतो.

सर्वांत जुना पर्याय ई. कोलाय या जीवाणूचा. १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले पुनर्संयोजित मानवी इन्सुलिन त्यातच तयार झाले. अनुकूल स्थितीत हा जीवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. मात्र, अनेकदा प्रथिन पेशीत अविद्राव्य गोळ्यांच्या रूपात साचते. ते विरघळवून त्याची घडी पुन्हा योग्य बसवावी लागते.

इन्सुलिन केवळ ५१ अमिनो आम्लांचे असते आणि त्याला शर्करासाखळ्यांची गरज नसते. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या बंगळुरूच्या बायोकॉनने आधी विकरे तयार केली व किण्वनात अनुभव मिळवला. इन्सुलिनसाठी कंपनीने पिकिया पास्टोरिस हे यीस्ट निवडले. हे यीस्ट प्रथिन पेशीबाहेर सोडू शकते, त्यामुळे शुद्धीकरण सोपे होते. प्रथिननिर्मिती सुरू करण्यासाठी त्याला सहसा मिथेनॉल दिले जाते. ते ज्वलनशील असल्याने कारखान्यात विशेष दक्षता घ्यावी लागते. हे इन्सुलिन २००४ मध्ये भारतीय बाजारात आले. त्याआधी, २००३ मध्ये, वोखार्टने हान्सेन्युला हे दुसरे यीस्ट वापरून इन्सुलिन आणले होते.

कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंडाची गोष्ट वेगळी. त्यात १,३०० हून अधिक अमिनो आम्ले असतात. रोगप्रतिकारक पेशींना कर्कपेशींकडे वळवण्याच्या त्याच्या क्षमतेवर त्यावरील शर्करासाखळ्यांचा मोठा प्रभाव असतो. ई. कोलाय सामान्यतः अशा साखळ्या जोडत नाही. यीस्ट जोडते, पण त्या मानवी साखळ्यांहून भिन्न असतात. म्हणून हे औषध चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून मिळवलेल्या ‘सीएचओ’ पेशींत तयार होते. या पेशींना दुप्पट होण्यास साधारण एक दिवस लागतो आणि त्यांचे पोषणमाध्यमही महाग असते. बायोकॉनने या औषधाची जैवसमरूप आवृत्ती २०१४ मध्ये भारतात आणली.

यजमान पेशी मूळ औषधाचीच असावी, असे मात्र बंधन नाही. इन्सुलिन ग्लार्जिनचे मूळ औषध ई. कोलायमध्ये तयार होते, तर बायोकॉनचे पिकियामध्ये. तरीही २०२१ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने त्याला मूळ औषधाशी अदलाबदल करण्याजोगे पहिले जैवसमरूप इन्सुलिन म्हणून मान्यता दिली. त्यासाठी समरूपतेचे सविस्तर पुरावे द्यावे लागतात. विकसनाच्या उत्तरार्धात यजमान बदलल्यास ही परीक्षा बहुतांशी नव्याने द्यावी लागते. त्यामुळे हा निर्णय प्रारंभीच घेतला जातो.