पद्धत एक पुरत नाही

कल्पना करा, तुमची मुलगी परदेशी धावायला गेली आहे आणि शर्यतीआधी तुम्हाला तिला दोन शब्द सांगायचे आहेत. मोबाइल नाही, ईमेल नाही. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी आयबीएमच्या जॉन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी याचसाठी टेलिफोनवर आवाजी निरोप ठेवण्याची यंत्रणा उभारली. भाषा १२, सेवा दिवसरात्र. खेळाडूंना शिकायला वेळ नव्हता आणि ऑलिंपिकची तारीख यंत्रणेसाठी पुढे जाणार नव्हती.

गूल्ड यांच्या चमूने एकाच चाचणीवर भिस्त ठेवली नाही. आधी वापराचे प्रसंग कागदावर लिहून लोकांना वाचायला दिले, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वीच आक्षेप कळले. मग यंत्रणेची नक्कल वापरायला दिली. खेळाडूंच्या मुलाखती घेतल्या. कियॉस्कचा पोकळ सांगाडा येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवून लोकांची मतं ऐकली. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तर सांगितलं, 'मोडून दाखवा!' १९८३मध्ये प्रत्यक्ष स्पर्धेतही यंत्रणा वापरून पाहिली.

मुलाखतीत माणूस आपल्याला काय वाटतं ते सांगतो, पण हात कुठे अडखळतो ते वापरताना पाहिल्यावरच कळतं. आणि खोलीतल्या शांततेत स्पर्धेची धांदल दिसत नाही.

ऑलिंपिकमध्ये ही यंत्रणा ४०,०००हून अधिक वेळा वापरली गेली.

तेव्हा 'आम्ही सर्व्हे केलाय' असं कुणी सांगितलं, तर तुम्ही एवढंच विचारा: वापरताना पाहिलंत का? आणि कुठे?