रस्त्याची सोसण्याची मर्यादा

मोटारींच्या वाहतुकीचा विचार शहररचनेपासून तोडून करता येत नाही, ही भूमिका ब्रिटनच्या शासकीय धोरणात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने कॉलिन ब्यूकॅनन (१९०७–२००१) यांना द्यावे लागते. सिमल्यात जन्मलेले हे स्थापत्य अभियंते सुदानमधील नोकरीनंतर ब्रिटनच्या वाहतूक मंत्रालयात आणि युद्धोत्तर काळात नगररचना मंत्रालयात होते; त्यामुळे रस्ते बांधणारे आणि शहरे आखणारे यांच्यातील दुरावा त्यांना दोन्ही बाजूंनी ठाऊक होता.

वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांनी सोपविलेल्या अभ्यासातून नोव्हेंबर १९६३ मध्ये ‘ट्रॅफिक इन टाउन्स’ हा अहवाल सिद्ध झाला. देशातील सुमारे १ कोटी वाहने १९८० पर्यंत २ कोटी ७० लाखांच्या घरात जातील, असे त्याचे अनुमान होते. इमारतीत जशा खोल्या आणि ये-जा करण्याच्या मार्गिका वेगळ्या, तसे शहरात राहण्या-वावरण्याचे विभाग निराळे राखावेत आणि त्यांतून आरपार जाणारी वाहने भोवतीच्या वितरक रस्त्यांवर वळवावीत, असे त्यात सुचविले होते. अहवालाचा खरा गाभा मात्र ‘पर्यावरणीय क्षमता’ या संकल्पनेत आहे: एखाद्या रस्त्यावरून किती वाहने जाऊ शकतात, एवढेच न मोजता, पलीकडच्या दुकानात जाणाऱ्या माणसाला किती खोळंबावे लागते, गोंगाट आणि धूर किती होतो, यावरून त्या रस्त्याने किती वाहने सोसावीत हे ठरविणे. ही मर्यादा ओलांडायची नसेल, तर एकतर बांधकामावर अफाट खर्च करावा किंवा वाहनांना आवर घालावा, असा रोखठोक पर्याय अहवालाने समाजापुढे ठेवला.

पुष्कळ नगरपालिकांनी यातून उन्नत मार्ग आणि वर्तुळाकार रस्ते तेवढे उचलले, क्षमतेची अट बाजूला सारली. अहवालाच्या नशिबी आलेला हा अन्यायच म्हणावा लागेल. नॉर्विच हे अभ्यासातील एक शहर याला अपवाद ठरले, कारण तेथे १९६७ मध्ये लंडन स्ट्रीट वाहनांना बंद करून पादचाऱ्यांसाठी मोकळा करण्यात आला.

इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाल्यावरही ब्यूकॅनन यांचा धोरणाशी संबंध सुटला नाही. लंडनच्या तिसऱ्या विमानतळासाठी नेमलेल्या रॉस्किल आयोगाने लाभ-खर्चाच्या हिशेबावरून, म्हणजे प्रत्येक फायद्यातोट्याची पैशांत किंमत लावून, कबलिंग्टनची निवड केली, तेव्हा आयोगाचे सदस्य असलेल्या एकट्या ब्यूकॅनन यांनी भिन्नमतपत्रिका जोडून तेथील ग्रामीण भूप्रदेशाची हानी अशा हिशेबात मावत नाही, असे मांडले आणि किनाऱ्यावरील फाउलनेसची बाजू घेतली. शासनाने १९७१ मध्ये आयोगाऐवजी त्यांचे मत मानले; पुढे १९७४ मध्ये फाउलनेसची योजनाही रद्द झाली.