घरांतील उजेडाची वांटणी

घर बांधतांना दिव्यांचा विचार सर्वांच्या शेवटीं करावयाचा, ही समजूत अलीकडची आहे. जुन्या मराठी वाड्यांच्या गवंड्यास ती रुचली नसती. भिंत चढत असतांनाच तो तींत दिव्यासाठीं देवळी सोडीत असे. उभ्या माणसाचा हात सहज पोंचेल अशा उंचीवर, आणि वाऱ्यानें ज्योत फडफडूं नये इतकी खोल. आंतून चुन्याची सफेती असल्यामुळें पणतीचा उजेड भिंतींत जिरून न जातां खोलींत परत येई; काजळी धरली कीं पुन्हां चुन्याचा एक हात. आज जिला प्रकाशयोजना म्हणतात ती तेव्हां गवंड्याच्या थापीखालींच होऊन जाई.

ही योजना सुंदर खरी, पण ती सर्वांस सारखी नव्हती. चौसोपी वाड्यांत दिवसाचा उजेड येई तो मधल्या चौकांतून. सोप्यावर बसणाऱ्यास तो भरपूर मिळे, मागच्या माजघरांत उरलासुरला पोंचे, आणि स्वयंपाकघर, कोठी, बाळंतिणीची खोली यांच्या वाट्यास बहुधा अंधारच. सूर्य मावळल्यावर दिव्यांनींही हीच पायरी सांभाळली. सरदार-सावकारांच्या दिवाणखान्यांत कांचेच्या हंड्या आणि झुंबरें, देवापुढें समई, माजघरांत सांखळीचा लामणदिवा, आणि स्वयंपाकघरांत एखादी पणती व चुलीचा जाळ. तांदळांतला खडा टिपावयाचा, फाटलेलें शिवावयाचें, आजाऱ्याची मात्रा उगाळावयाची, हीं बारीक नजरेचीं कामें जेथें होत तेथेंच उजेड सर्वांत थोडा. समईच्या मंद प्रकाशाचें कौतुक करणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना त्या प्रकाशांत सुईंत दोरा ओवावा लागला असेल.

करंजेल, एरंडेल हीं तेलें दाट. तीं वातींतून सावकाश चढत, म्हणून ज्योत फार वाढवितां येत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पातळ खनिज तेल आलें, आणि रुंद वात व उभी कांच यांच्या जोरावर एकच दिवा सारी खोली उजळूं लागला. ‘रॉक ऑइल’चें रॉकेल आणि ‘गॅसलाइट’चें घासलेट करून मराठी घरानें त्यास आपलेंसें केलें. वांटणी मात्र जुनीच राहिली. कांचेचा मोठा दिवा बैठकींत, धुरकट पत्र्याची चिमणी स्वयंपाकघरांत.

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ सालीं गॅसचे दिवे लागले. १८८२ सालीं क्रॉफर्ड मार्केटांत विजेचा प्रयोग झाला, परंतु कंपनीचें दिवाळें निघून मंडईस पुन्हां गॅसकडे वळावें लागलें. १९०५ पासून शहरास विजेचा पुरवठा होऊं लागला, व १९१५ सालीं खोपोलीचें जलविद्युत्‌-केंद्र चालू झालें.

धूर नाहीं, तेल नाहीं. आतां तरी हा भेद मिटावयास हरकत नव्हती. पण विजेचा दिवा टांगला गेला तो छताच्या मधोमध, जेथें कंदिलाचा आंकडा असे तेथेंच. पुढें उभ्यानें स्वयंपाक करण्याचा ओटा आला, तेव्हां भिंतीकडे तोंड करून राबणाऱ्या बाईच्या पाठीवर उजेड आणि चिरावयाच्या भाजीवर तिचीच सांवली! अधिक मोठा दिवा लावणें हा यावर उपाय नव्हे. लहानसा दिवा कामापासून निम्म्या अंतरावर आणला तर कामावर चौपट उजेड पडतो, हें शाळेंतलेंच पदार्थविज्ञान. गवंड्यास सूत्र ठाऊक नव्हतें, तरी देवळी हाताच्या उंचीवर ठेवण्यांत त्यानें तेंच साधलें होतें.

आज असा दिवा जवळ आणणें अगदीं सोपें आहे. ज्या निळ्या डायोडच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यामुळें बोटभर जागेंत मावणारे पांढऱ्या प्रकाशाचे दिवे घरोघर आले. शहरांतल्या दिवाणखान्यांत कोनाडाही परतला आहे. त्यांत पितळेची समई असते. ती लावलेली नसते, तिच्यावर उजेड पडावा म्हणून वर एक दिवा लपविलेला असतो. ओट्यावरच्या फळीखालीं तसाच एक दिवा बसवावयास कांहीं वेगळा खर्च येत नाहीं. पुष्कळ घरांत त्याची आठवण गृहप्रवेश उरकल्यावर होते.