‘ई’ आली कुठून?

यवतमाळकडे पावसाळ्यात पऱ्हाटीच्या धुऱ्यावर गाजर गवत पांढरं फुललं, की काहींच्या शिंका थांबत नाहीत. या गवताचा भाऊबंद रॅगवीड. आयजीई या प्रतिपिंडाच्या नावातली ‘ई’ त्याच्याकडूनच आली, असं माझं ठाम मत आहे.

डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने 1966 मध्ये रॅगवीडची ॲलर्जी असलेल्यांच्या सीरममधून हे प्रतिपिंड हुडकलं. काहीजण म्हणतात, ‘ई’ म्हणजे एरिथेमा, त्वचेवर उठणारी लाली. हा दावा कच्चा नाही. सीरमचा गुण त्या काळी त्वचेत टोचूनच पारखत. पण रॅगवीडच्या परागातल्या मुख्य प्रथिनाचं नावच ‘अँटिजेन ई’ होतं आणि नवं प्रतिपिंड त्यालाच चिकटताना दिसलं. हाताशी ‘ई’ असताना लालीकडे कोण जाईल?

गाजर गवत आणि रॅगवीड यांच्या परागांत इतकं साम्य आहे, की एकावर तयार झालेली आयजीई दुसऱ्यालाही ओळखते. आपल्याकडे गाजर गवत अमेरिकेच्या पीएल-480 करारातल्या गव्हातून आलं म्हणतात. भारताशी तो करार 1956चा. पुण्यातली नोंद 1955ची!

कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये एकाच साच्याची, म्हणजे मोनोक्लोनल, प्रतिपिंडं बनवली. खरी गंमत पुढे आहे. आयजीई मास्ट पेशीवर पाय रोवून बसते. परागाने शेजारच्या दोघींना जोडलं, की काही मिनिटांत पेशी हिस्टामिन ओकते. प्रयोगशाळेत परागाविनाही हे घडवता येतं: आयजीईला धरणारी प्रतिपिंडं घातली, की पेशी पेटते. मग असं प्रतिपिंड औषध म्हणून टोचायचं कसं? ओमालिझुमॅब हे औषध म्हणजे असंच मोनोक्लोनल प्रतिपिंड; पेशीवर रोवला जाणारा आयजीईचा नेमका तोच पाय ते पकडतं. मोकळी आयजीई मग पेशीवर बसूच शकत नाही; बसलेलीचा पाय झाकलेला, म्हणून तिला ते जोडत नाही. उंदराच्या प्रतिपिंडापासून घडवलेल्या या औषधाला अमेरिकेत 2003 मध्ये मान्यता मिळाली.

निंदणाऱ्या बायांच्या हातांवर याच गवताने उठणारा खाजरा चट्टा मात्र बहुतांशी टी-पेशींचं काम. तिथे ‘ई’ची सोयरीक लागत नाही.