रात्र त्यांची, दिवस यांचा

वर्गात 'बेडेकर' हे नाव घेतले की मुले हसतात. त्यांना वाटते, सर आता लोणच्याकडे वळणार. पण हे बेडेकर जर्मन. लाइप्झिग येथे त्यांची प्रकाशनसंस्था होती आणि प्रवाशांसाठी काढलेली त्यांची लाल पुस्तके युरोपभर लोकांच्या हाती असत. पाहण्याजोग्या वास्तूपुढे त्यांत चांदणी छापलेली असे. हीच निरुपद्रवी खूण १९४२ साली लोकांच्या मुळावर आली.

त्या वर्षी २८ मार्चच्या रात्री ब्रिटिश विमानांनी ल्यूबेक या जुन्या बंदरावर बाँब टाकले. तेथे फार मोठे कारखाने होते असे नव्हे. जुन्या पेठेत लाकूडकाम पुष्कळ, घरे दाटीची, म्हणजे पेटायला सोपी! जर्मनांनी सूड उगवला तो एक्झिटर, बाथ, नॉरिच, यॉर्क आणि कँटरबरी या गावांवर. बेडेकरमध्ये चांदण्या मिळालेली इंग्लंडातली प्रत्येक इमारत पाडू, असे जर्मन परराष्ट्र खात्यातला एक अधिकारी बोलून गेला. एवढा उघडेपणा खुद्द गोबेल्सलाही रुचला नाही म्हणतात. पुढे ४ डिसेंबर १९४३ रोजी ब्रिटिश विमाने लाइप्झिगवर आली आणि बेडेकरांची कचेरीच जळून गेली.

हा झाला शत्रूशत्रूंमधला हिशेब. तो समजायला सोपा आहे. मला अवघड वाटतो तो मित्रामित्रांमधला.

जानेवारी १९४३ मध्ये चर्चिल आणि रूझवेल्ट कासाब्लांका येथे भेटले. विमानहल्ल्यांच्या पद्धतीवरून दोघांच्या सेनापतींत मतभेद होता. ब्रिटिशांचे म्हणणे, दिवसा आपली विमाने फार पडतात. तेव्हा रात्री जावे आणि सबंध शहरच लक्ष्य धरावे. अमेरिकन म्हणत, आम्ही दिवसाउजेडी जाऊन नेमका कारखाना टिपू. त्यांनीही रात्रीच यावे असे चर्चिलच्या मनात होते. जनरल ईकर यांनी एका पानाचे टिपण देऊन त्यांचे मन वळविले. दोघांनी मिळून अहोरात्र मारा करावयाचा! भांडण मिटले खरे. पण कोणाचे बरोबर ते ठरलेच नाही. भाऊबंदांनी सामाईक विहिरीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात, तशी एकाने रात्र घेतली, दुसऱ्याने दिवस.

या वाटणीचे रूप ड्रेस्डेनला दिसले. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री सुमारे ८०० ब्रिटिश विमाने दोन फेऱ्यांत येऊन गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ३०० वर अमेरिकन विमाने आली. पूर्वेकडून पळालेल्या निर्वासितांनी शहर भरले होते. फ्राउएनकिर्शे या चर्चचा दगडी घुमट त्या आगीतही उभा राहिला आणि १५ तारखेच्या सकाळी कोसळला. २०१० साली इतिहासकारांच्या समितीने मृतांचा आकडा जास्तीत जास्त २५,००० असा ठरविला. नाझी प्रचारखात्याने तो कितीतरी पट फुगविला होता. फुगवायची गरज काय, कोण जाणे. पंचवीस हजार माणसे थोडी का झाली? त्या शहरात कारखाने होते, रेल्वेचे मोठे जंक्शन होते, हेही सांगितले पाहिजे.

मग जबाब कोणी द्यावयाचा? अमेरिकन म्हणाले, आमचे लक्ष्य रेल्वे यार्ड होते. केवळ दहशतीसाठी शहरे जाळण्याचा फेरविचार व्हावा, असे टिपण २८ मार्चला चर्चिलनी लिहिले. हवाई दलाचे प्रमुख पोर्टल यांनी त्यास हरकत घेतली. धोरण तर सर्वांच्या संमतीचे होते! चर्चिलनी ते टिपण मागे घेतले आणि १ एप्रिलला दुसरे, सौम्य टिपण पाठविले.

अणुबाँबच्या वेळीही मित्राची संमती लागली. एकमेकांच्या संमतीवाचून तो कोणावर टाकावयाचा नाही, असा करार दोघांनी ऑगस्ट १९४३ मध्ये क्वेबेकला केला होता. त्याप्रमाणे ४ जुलै १९४५ रोजी वॉशिंग्टनला ब्रिटिशांनी होकार दिला. होकार जपानविरुद्ध वापरास होता. शहर निवडणे अमेरिकनांकडे राहिले. त्यांच्या यादीत क्योतो अगदी वर होते. युद्धमंत्री स्टिम्सन यांनी १९२६ साली ते शहर, तिथली मंदिरे पाहिली होती. सेनापती क्योतोचे नाव पुन्हा पुन्हा पुढे करीत आणि स्टिम्सन ते खोडीत. शेवटी त्यांनी ट्रूमनचाच आधार घेतला, तेव्हा क्योतो सुटले. जुलैअखेर यादीत नागासाकीचे नाव आले.